पोट साफ होण्याआधी शाळेची टाकी बदलावी लागली

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय 42. घर तालुक्याच्या गावी आणि शाळा तासाभराच्या अंतरावर, आधी एसटी आणि फाट्यापासून वडाप, म्हणजे शेअर जीप. मे 2024 मध्ये मला फिशर झालं, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला चीर पडली. ती भरून यायला पावसाळा उजाडला. पुन्हा होऊ नये म्हणून लावून घेतलेल्या सवयी आता अंगवळणी पडल्यात, म्हणून लिहायला बसले. नाव देत नाही. वर्गातल्या मुलांचे पालक मोबाइलवर सगळं वाचतात, आणि बाईंना संडासला होत नव्हतं ही बातमी गावात पोचायला एक वडाप पुरते.

त्याआधीची कित्येक वर्षं माझं पोट तीन-चार दिवसांनी एकदा साफ व्हायचं, तेही कुंथून. माहेरी सगळ्यांचंच असं, त्यामुळे याला आजार म्हणतात हे डोक्यातही नव्हतं. सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचे दोन-चार घोट, बस. रोज प्रवास करून शाळेवर जाणाऱ्या बायकांना याचं कारण सांगायला नको. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह आहे, पण नळाला पाणी नाही आणि कडी लागत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून प्यायचंच नाही, असा हिशोब. शौचाची कळ आली तर ती दाबायची. काही वर्षं दाबली की कळ यायचीच बंद होते. याचा मला तेव्हा त्रासही वाटत नव्हता, उलट सोयच वाटायची.

एप्रिलमध्ये एका आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन 9.1 निघालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. शौचाला काळं आणि आणखी कडक होऊ लागलं. त्यातच लोकसभेची ड्युटी लागली. 6 मेला साहित्य वाटप, 7 मेला मतदान. उन्हाने मंडप तापलेला, ईव्हीएमच्या पेट्या मांडीवर घेऊन एसटीतून केंद्रावर, रात्री तिथेच एका मॅडमसोबत वर्गात सतरंजीवर. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्रावरचं चाचणी मतदान, सुरू करायचा, सातला मतदान. संध्याकाळी सहाला मतदान संपलं, पण पेट्या जमा करून पावती हातात पडेपर्यंत मध्यरात्र उलटली. एवढ्या वेळात पोटात गेलं ते चहा, बिस्किटं आणि पाकिटातला पुलाव.

9 मेला सकाळी संडासात गेले आणि रक्त पाहून घाबरले. दुखणं असं की नंतर दोन-दोन तास धड बसता येईना. दुसऱ्या दिवशी कळ आली तर त्या दुखण्याच्या धास्तीने गेलेच नाही. न गेल्याने ते आणखी कडक झालं, आणि पुढच्या वेळी चीर पुन्हा उघडली. हे चक्र मी जवळजवळ पंधरवडा कुणाला न सांगता काढलं. सुट्टी होती म्हणून निभलं. शेवटी यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, मग मेडिकलमधून काहीतरी आणू का?" त्यांनी आणलेल्या मलमाने तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं.

भिंतीभिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन' अशा पाट्या रंगवलेल्या असतात, तसल्या एका ठिकाणीही जाऊन आलो. फी 500 रुपये, तपासणी दोन मिनिटं आणि लगेच कागद पुढे: लेसर, 45,000 रुपये, उद्या भरती व्हा. मी आधी कुठलं औषध घेतलंय का, जेवते काय, हे कुणी विचारलंच नाही. यांनी बाहेर येऊन बिलाची प्रतिपूर्ती मिळेल का म्हणून विचारलं. आम्हा शिक्षकांची वैद्यकीय बिलं आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या यादीवर चालतात. त्या यादीत हे बसवायचं म्हणजे प्रस्ताव, दाखले, शल्यचिकित्सकांची सही, आणि तो प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चारचौघांनी वाचायचा. मी म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यात दाखवू.

27 मे, सोमवार, उपजिल्हा रुग्णालय. सर्जनची ओपीडी कुठल्या वारी असते हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. मी विचारलं होतं म्हणून हेलपाटा वाचला. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे खिडकीवर पैसे लागले नाहीत. आभाचा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की टोकन मिळतं आणि केसपेपरची रांग टळते, पण डॉक्टरांच्या दाराबाहेरची टळत नाही. तिथे दीड तास मी उभीच होते. बाकड्यावर जागा होती, बसायची हिंमत नव्हती. केसपेपर लिहिणाऱ्या मुलाने मोठ्याने विचारलं, "काय त्रास आहे?" मी "पोटाचा" म्हटलं. नुसतं "सर्जन" म्हटलं तरी चालतं, तो तेवढंच लिहितो.

डॉक्टर मॅडम तिशीच्या असतील. तपासायच्या आधी त्यांनी बरंच विचारलं. आठवड्यातून किती वेळा होतं? कुंथावं लागतं का? झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का? वजन घटलंय? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? शौचाची सवय अलीकडेच अचानक बदलली का? रक्त वरून थेंब थेंब पडतं की आत मिसळलेलं असतं? पाळीत अंगावरून किती जातं? मग मोबाइलवर एक तक्ता दाखवला. त्यात सात प्रकारची चित्रं. पहिल्या प्रकारात सुट्या लेंड्या, सातव्यात नुसतं पाणी, तिसरा आणि चौथा चांगला. ब्रिस्टल तक्ता म्हणतात त्याला. मी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. शब्दांपेक्षा बोट ठेवणं सोपं गेलं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं आणि कुंथावं लागणं, दोन्ही बद्धकोष्ठतेतच मोडतं, हे तिथे कळलं.

तपासणी कुशीवर झोपवून, नर्स सोबत ठेवून झाली. चीर दिसली. दुखतंय म्हणून आत नळी घालून बघायचं पुढे ढकललं. "ऑपरेशन लागेल का?" तर म्हणाल्या, "ताई, ताजी चीर आहे. शौच मऊ राहिलं तर बहुतेक वेळा आपोआप भरते. मऊ राहिलं नाही, तर ऑपरेशन केलं तरी कोठा तसाच राहणार."

औषधं चारच. रात्री लॅक्ट्युलोजचं सिरप, दिवसातून दोनदा बाहेरून लावायचं डिल्टियाझेमचं मलम, दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसणं. सिरप दवाखान्यात संपलं होतं, बाहेर अडीचशेच्या आसपास पडलं, मलम दोनशेच्या आत. टब घरात होताच, मुलाला लहानपणी आंघोळ घालायचो तो. लॅक्ट्युलोज रात्री घेतलं की सकाळी काम होईल असं धरून बसू नका. त्याला एक-दोन दिवस लागतात, आणि सुरुवातीला पोट फुगतं. मलमाने मला थोडं डोकं दुखायचं. ते होऊ शकतं असं त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून बंद केलं नाही.

लोहाच्या गोळ्यांबद्दल मी स्वतःहून बोलले नव्हते, त्यांनीच पिशवीतलं सगळं टेबलावर काढायला लावलं. लोह आणि कॅल्शियम, दोन्हींनी शौचाला कडक होऊ शकतं. माझी लोहाची गोळी रोजची एक दिवसाआड केली, कॅल्शियम थांबवलं. हे माझ्या रिपोर्टवर ठरलं. वाचून स्वतःची गोळी बंद करू नका, पण डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या जरूर न्या. थायरॉईड कमी असलं तरी कोठा जड होतो म्हणून रक्ततपासणी झाली, तीही मोफत. थायरॉईड ठीक निघालं.

आणि एक गृहपाठ मिळाला. काय खाल्लं, किती पाणी, कधी गेले, तक्त्यातला प्रकार कितवा, हे रोज वहीत लिहायचं. शिक्षिकेला गृहपाठ देणाऱ्या त्या पहिल्याच. घरात सगळे वह्या उघडून बघतात, म्हणून वहीवर मी 'मूल्यमापन' असं लिहून ठेवलं.

सुट्टीत घरीच असल्याने पाण्याचा प्रश्न आला नाही. अडचण वेळेची होती. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर आतड्याची हालचाल सर्वांत जोरात असते, ती वेळ धरायची. पण आमच्या घरात पाच माणसं आणि एक संडास. अण्णा, म्हणजे सासरे, सहाला पेपर घेऊन आत जातात ते अग्रलेख संपल्यावर बाहेर येतात. त्यानंतर मुलगा, मग हे. माझा नंबर लागायचा तोवर डबे भरायची घाई, आणि कळ निघून गेलेली. मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळं सांगितलं. त्यांनी अण्णांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सव्वासहा ते साडेसहा संडास माझा झाला. अण्णा पेपर ओट्यावर वाचू लागले. इतक्या औषधांपेक्षा मला या पाव तासाचा उपयोग जास्त झाला.

क्रम असा बसला: सव्वापाचला उठून दोन भांडी कोमट पाणी, कणीक मळणं, एक केळं किंवा रात्रीच्या भाकरीचा चतकोर आणि चहा, मग आत. कळ असो नसो, बसायचं. पाच ते दहा मिनिटं, मोबाइलशिवाय. नाही झालं तर उठायचं. कुंथत बसायचं नाही. पहिले काही दिवस नुसतंच बसून उठले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शरीराला ती वेळ कळली. आईंच्या गुडघ्यांमुळे आमच्याकडे कमोड बसवलाय. कमोडवर बसताना पायाखाली मोरीतला प्लास्टिकचा बुटका स्टूल घेतला, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. भारतीय बैठकीत हे आपसूक होतं. स्टूल दीडशेचा. आता तो सगळेच वापरतात, कबूल कुणी करत नाही.

खाण्याचं सगळ्यात जास्त बोललं जातं, म्हणून थोडक्यात. "गव्हाची पोळी बंद कर, ज्वारीची भाकरी खा," असं मला दहा जणांनी सांगितलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात बघितलं तर 100 ग्रॅम ज्वारीत तंतू (फायबर) 10 ग्रॅमच्या आसपास आणि अख्ख्या गव्हाच्या आट्यात 11. फरक चाळणीत आहे. आमच्याकडे पोळ्या पांढऱ्या दिसाव्यात म्हणून बारीक चाळणीने कोंडा काढून गाईला जायचा. आता तो कणकेत राहतो. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र तीनसुद्धा नाहीत, आणि शाळेत माझं दुपारचं जेवण म्हणजे पोरांसोबत पोषण आहारातली खिचडी. ती मी सोडली नाही. डब्यात मोड आलेली मटकी नाहीतर घेवडा, काकडी, आणि मिळेल तेव्हा पेरू असं जोडलं. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत, आणि ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचे. मी मटकी एकदम वाढवली त्या आठवड्यात वर्गात फळ्याजवळून हलले नाही, एवढंच सांगते.

इसबगोल 10 जूनच्या दुसऱ्या भेटीत सुरू झालं. रात्री एक मोठा चमचा, भरपूर पाण्यातून, ढवळल्याबरोबर प्यायचं, आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल आतच घट्ट होऊन बसतं आणि त्रास वाढतो. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचं.

15 जूनला शाळा उघडली आणि पाण्याचा प्रश्न समोर उभा राहिला. बाटली भरून नेणं सोपं, पण प्यायचं तर जायचं कुठे? पहिले दोन महिने मधल्या सुट्टीत मी अंगणवाडी सेविकांच्या घरी जात होते. त्या शाळेमागेच राहतात. विचारताना लाज वाटली. त्या म्हणाल्या, "बाई, एवढी वर्षं काय करत होता मग?" त्यांच्याकडे उत्तर द्यायला मी थांबले नाही.

जूनच्या शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घेतला. माझ्यासाठी नव्हे, मुलींसाठी म्हणून, आणि ते खोटंही नव्हतं. मुलगे आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हा शिक्षण हक्क कायद्यातलाच निकष आहे, पण आमच्या कागदावर ते 'आहे' या रकान्यात होतं. पाणी आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. इतिवृत्तात ठराव लिहिला, मुख्याध्यापकांची सही, ग्रामपंचायतीला अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर पोच. ग्रामसेवकांकडे तीन गावं, ते भेटायचे आठवड्यातून एखाद्या दिवशी. "निधी मासिक सभेत ठेवतो" असं जुलैत ऐकलं. कडी आणि दाराला टॉवर बोल्ट शाळेच्या अनुदानातून लगेच बसले, ते काम चारशेत झालं. टाकी मात्र फुटलेली होती. 500 लिटरची नवी टाकी, पाइप आणि नळ ऑगस्टच्या शेवटी आले. अर्जाची पोच जपून ठेवा. आमचा पहिला अर्ज 'सापडत नव्हता', पोच दाखवल्यावर सापडला.

मध्ये 17 जुलैला आषाढी आली. साबुदाण्यात तंतू नावालाच, आणि उपासाला आमच्याकडे सकाळी खिचडी, संध्याकाळी वडे. या वेळी वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं आणि राजगिऱ्याची भाकरी केली. आईंना वाटलं आजारपणात उपास मोडतेय, ताट बघून गप्प झाल्या. श्रावणात पाच सोमवार होते. तिसऱ्या सोमवारी माहेरी गेले, तिथे पातेलंभर साबुदाणा आणि पाहुण्यांचा राबता, संडासाची वेळ हुकली, आणि मंगळवारी पुन्हा जुना खडा. या वेळी रक्त आलं नाही. सिरप दोन रात्री वाढवलं, कोमट पाण्यात बसले, गुरुवारी गाडी रुळावर.

22 जुलैच्या भेटीत आत नळी घालून तपासलं. चीर भरली होती, मूळव्याध नव्हती. सिरप हळूहळू कमी करत सप्टेंबरमध्ये थांबलं, इसबगोल चालू ठेवलं. हिमोग्लोबिन तोवर 11 च्या वर गेलं होतं. "रक्त पुन्हा दिसलं, वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर दुर्बिणीची तपासणी करू," असं त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं. त्या केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये आहे. कागद पावसात भिजले की पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, पुन्हा ड्युटी. खरं सांगते, आदेश हातात पडल्यावर पोटात गोळा आला. पिशवीत दोन लिटर पाणी, फुटाणे, दोन पेरू, गुंडाळलेल्या भाकऱ्या आणि इसबगोलची पुडी. केंद्रावर पोचल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे आणि बादलीत पाणी आहे का ते पाहिलं, मग याद्या उघडल्या. मतदान अधिकारी पाच मिनिटं उठले तर शेजारचे सांभाळून घेतात, केंद्राध्यक्षांना सांगून जायचं. 20 तारखेला सकाळी अर्थातच काही झालं नाही, 21 ला जागरणाने नाही. 22 ला सव्वासहाला झालं, चौथा प्रकार. एखाद-दोन दिवस चुकले तर लगेच चूर्ण फाकायची गरज नसते, हे तोवर कळलं होतं.

टाकी आल्यापासून सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत रांग लावून पाणी पितात. दुसऱ्या आणि सहाव्या तासाला मी स्वतः बाटली काढते, की सगळ्या काढतात. टाकी भरायचं काम आठवड्याच्या पाळीने दिलंय. मार्चमध्ये पाणी कमी होईल तेव्हा काय करायचं, ते अजून ठरायचंय.

जानेवारीत आईंनी मला बाजूला बोलावून विचारलं, "ते तुझं सात चित्रांचं काय ते मला दाखव." गेली वीस वर्षं त्या रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतात, त्याशिवाय होतच नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पाचव्या-सहाव्या चित्राच्या मध्ये बोट ठेवलं आणि कधीकधी पहिलं, असंही म्हणाल्या. त्यांचं वय 71, रक्तदाबाची आणि गुडघ्याची गोळी चालू, म्हणून चूर्ण आपल्या मनाने तोडलं नाही. त्याच ओपीडीत नेलं, सगळ्या डब्या पिशवीत भरून. चूर्ण एकदम बंद न करता कमी करत आणायचं ठरलंय, सोबत इसबगोल आणि संध्याकाळचं चालणं. संडासाच्या वेळापत्रकात आता साडेसहा ते पावणेसात त्यांचं नाव लागलंय. अण्णांचा नंबर त्यानंतर.